वाचकांचे प्रश्न : मुक्त सॉफ्टवेअर आणि ते सांभाळणाऱ्या संस्था

मागील अंकात सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकांवर लिब्रेऑफिस हे पत्रे, तक्ते वगैरे बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्यासंबंधी आम्ही एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांत हे सॉफ्टवेअर कसे वापरावे याविषयीचे प्रश्न थोडे होते. ते चालवते कोण, पैसा कुठून येतो आणि हिशेब कोण तपासतो, हे विचारणारे वाचक जास्त होते. या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : लिब्रेऑफिस फुकट मिळते आणि ते विकणारी कंपनी कुठे दिसत नाही. मग त्याचा मालक कोण? उद्या त्याने गाशा गुंडाळला तर आमच्या दाखलनोंदींचे काय होईल?
— ग्रंथपाल, वाई

उत्तर : ‘मालक कोणीच नाही’ असे उत्तर सहसा दिले जाते, पण ते अर्धेच आहे. लिब्रेऑफिसच्या स्रोतातील, म्हणजे प्रोग्रामर लिहितात त्या आज्ञावलीतील, प्रत्येक ओळीचा प्रताधिकार ती लिहिणाऱ्याकडे किंवा त्याला पगार देणाऱ्या कंपनीकडे राहतो. मात्र ती ओळ मुक्त परवान्याखाली दिलेली असल्यामुळे कोणालाही ती वापरता, तपासता, बदलता आणि पुढे वाटता येते, आणि एकदा दिलेली ही मुभा मागे घेता येत नाही. एवढ्यावर भागले असते तर संस्थेची गरजच पडली नसती. परंतु ‘लिब्रेऑफिस’ हे नाव, बोधचिन्ह, संकेतस्थळाचा पत्ता, सर्व्हर आणि बँकेतील पैसा या गोष्टी कोणाच्या तरी नावावर असाव्याच लागतात, आणि देशोदेशी विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या समुदायाला कायदा व्यक्ती मानत नाही. या गोष्टी सांभाळण्यासाठी बर्लिन येथे नोंदलेले ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ हे धर्मादाय प्रतिष्ठान आहे.

आपली जी भीती आहे, तिच्यातूनच हे प्रतिष्ठान जन्माला आले. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९९मध्ये लिब्रेऑफिसचे मूळ असलेले स्टारऑफिस बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी त्या सॉफ्टवेअरचा स्रोत ‘ओपनऑफिस’ या नावाने खुला केला. त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान असावे हा विचार सुरुवातीपासून होता. दहा वर्षे तो कागदावरच राहिला, कारण सनशी जमत होते तोवर कोणालाच घाई नव्हती. जानेवारी २०१०मध्ये ओरॅकल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने सन खरेदी केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सनचा दुसरा एक खुला प्रकल्प, ओपनसोलारिस, बंद पाडला. ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांनी त्यातून घ्यायचा तो बोध घेतला. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी वेगळे होत असल्याचे जाहीर केले आणि ओरॅकललाही सामील होण्याचे व जुने नाव देण्याचे निमंत्रण दिले. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट नव्या प्रतिष्ठानात गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या परिषदेचे राजीनामे द्यावेत असे सांगितले. स्रोत घेऊन जाता आला, नाव नेता आले नाही. ‘लिब्रेऑफिस’ हे नवे नाव त्यामुळे घ्यावे लागले.

त्यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. घोषणा झाली तेव्हा प्रतिष्ठान कायद्याने अस्तित्वातच नव्हते. देणग्या स्वीकारण्याचे काम जर्मनीतील स्वयंसेवकांची एक जुनी नोंदणीकृत संघटना करीत होती. फेब्रुवारी २०११मध्ये मूळ भांडवलासाठी आवाहन केले गेले आणि ५०,००० युरो आठ दिवसांत जमले. प्रत्यक्ष नोंदणीला आणखी एक वर्ष गेले. ती १७ फेब्रुवारी २०१२ रोजी झाली. जर्मनी निवडण्यामागे विचार होता. तेथील प्रतिष्ठानाच्या कायद्यात संस्थेचे उद्दिष्ट एकदा घटनेत लिहिले की संचालकांना ते आपल्या मर्जीने बदलता येत नाही, आणि त्यांच्यावर सरकारी देखरेख असते. ज्यांनी एकदा मालकबदल भोगला होता, त्यांना विकत घेताच येणार नाही अशी संस्था हवी होती.

आपल्या दाखलनोंदी लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपात साठवल्या असतील, तर ते स्वरूप २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि इतर सॉफ्टवेअरही ते वाचतात. प्रतिष्ठान उद्या बंद पडले तरी २०१०मध्ये जे घडले ते पुन्हा घडू शकते. फार तर आपल्याला आणखी एक नवे नाव पाठ करावे लागेल.

प्रश्न : अशा संस्थांना मोठ्या कंपन्या पैसे देतात असे वाचले. मग निर्णयही त्यांचेच चालत असणार.
— निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

उत्तर : शंका रास्त आहे, आणि डॉक्युमेंट फाउंडेशनची रचना करणाऱ्यांनाही ती आलेली होती. तेथे संचालक मंडळात सात सदस्य आणि तीन राखीव सदस्य असतात. त्यांची निवड दर दोन वर्षांनी होते आणि मतदानाचा अधिकार सभासदांना असतो. सभासदत्व वर्गणी भरून मिळत नाही, केलेल्या कामावर मिळते, आणि ते व्यक्तीलाच मिळते, कंपनीला नाही. एकाच कंपनीचे लोक संचालक मंडळात ३० टक्क्यांहून जास्त असू नयेत, असे बंधन आहे. पैसे देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळे सल्लागार मंडळ आहे आणि त्याचे काम नावाप्रमाणे सल्ला देण्याचे आहे.

एवढे सगळे असूनही तंटे होतातच, कारण लिब्रेऑफिसचा बराचसा स्रोत कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर लिहितात. २०२०च्या जुलैमध्ये नव्या आवृत्तीच्या चाचणी प्रतीवर ‘वैयक्तिक आवृत्ती’ अशा अर्थाची पट्टी झळकली. उद्देश असा होता की मोठ्या कार्यालयांनी फुकटची प्रत न वापरता एखाद्या कंपनीकडून सशुल्क सेवा घ्यावी, म्हणजे प्रोग्रामरांचा पगार निघेल. सभासदांनी गदारोळ केला : जे सर्वांसाठी आहे त्यावर असा शिक्का का? ती पट्टी मागे घ्यावी लागली, आणि पुढच्या आवृत्तीवर ‘समुदाय’ अशा अर्थाचा शब्द आला. त्याच वर्षी कोलाबोरा या प्रमुख कंपनीने लिब्रेऑफिसवर बेतलेले आपले ऑनलाइन उत्पादन प्रतिष्ठानाच्या छत्राखालून काढून स्वतःकडे नेले. प्रतिष्ठानाने स्वतः प्रोग्रामर नोकरीला ठेवावेत की नाही, यावर नंतर काही वर्षे संचालकांत वाद झाले. अखेर थोडे लोक ठेवले गेले.

माझ्या मते या प्रकरणात कोणतीच बाजू लबाड नव्हती. धर्मादाय संस्थेला बाजारात उतरता येत नाही आणि बाजारात उतरल्याशिवाय स्रोत लिहिणाऱ्यांचे पगार निघत नाहीत. हा पेच कोणतीही घटना सोडवू शकत नाही. घटना एवढेच पाहू शकते की तो पेच बंद दाराआड सुटणार नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून मराठी शुद्धलेखन तपासण्याचे मुक्त सॉफ्टवेअर बनवतो. लोक देणगी देऊ म्हणतात, परदेशातले मराठी बांधवही विचारतात. सध्या एकाच्या बचत खात्यात पैसे घेतो. संस्था नोंदवावी का?
— प्रोग्रामर, पुणे

उत्तर : बचत खात्यातला व्यवहार आधी थांबवावा. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी अध्यक्षाच्या घरच्या खात्यात ठेवल्यासारखे ते आहे : भांडण होईपर्यंत सगळे सुरळीत असते. प्राप्तिकर खात्याच्या लेखी ते पैसे त्या मित्राचे उत्पन्न ठरू शकतात, आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर खात्यावर हक्क त्याच्या वारसांचा येतो, प्रकल्पाचा नाही.

नोंदणीचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये. परदेशांत बहुतेक लहान प्रकल्प स्वतःची संस्था काढतच नाहीत, ते एखाद्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जातात. याचे जुने आणि चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही संस्था. डेबियन ही १९९३मध्ये सुरू झालेली, लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची वितरणप्रणाली. तिला आरंभी वर्षभर, मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आधार दिला होता, पण पुढे पैसा आणि नाव ठेवण्यासाठी तिला हक्काची जागा लागली, म्हणून १९९७मध्ये न्यूयॉर्क राज्यात ही संस्था नोंदवली गेली. आज पोस्टग्रेस हा डेटाबेस, आर्च लिनक्स असे अनेक प्रकल्प तिच्या आश्रयाला आहेत. तिच्या संचालक मंडळातील नऊही जण बिनपगारी आहेत. प्रकल्पाच्या नावाने आलेल्या देणगीतून संस्था ५ टक्के आपल्या खर्चासाठी ठेवते आणि उरलेली रक्कम त्या प्रकल्पाच्या नावे खतावते.

रचनेतील खुबी पैसे खर्च होतात तेव्हा दिसते. समजा, डेबियनच्या एका स्वयंसेवकाला परिषदेसाठी प्रवास करायचा आहे. तो आधी अंदाजित खर्च कळवतो. त्याला मंजुरी देण्याचा अधिकार डेबियनच्या प्रकल्पप्रमुखाला असतो, आणि हा प्रमुख डेबियनचे सदस्य दरवर्षी मतदानाने निवडतात. प्रवास झाल्यावर पावत्या जातात, संस्थेचा खजिनदार मंजुरी आणि पावत्यांचा मेळ घालतो आणि पैसे पाठवतो. हा प्रवास योग्य आहे का, हे खजिनदार विचारत नाही. आणि खजिन्याला परस्पर हात घालणे प्रकल्पप्रमुखाला शक्य नसते. ‘डेबियन’ हे व्यापारचिन्ह संस्थेच्या नावावर आहे, पण डेबियनमध्ये कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याविषयी संस्था अवाक्षर काढत नाही. पैसा एकाच्या हाती आणि शब्द दुसऱ्याचा, अशी ही वाटणी इतकी वर्षे टिकली, याचे श्रेय दोन्हीकडच्या लोकांनी आपापली पायरी ओळखण्याला द्यावे लागेल.

आपल्याकडे असे छत्र उभारणे अवघड आहे, आणि त्याचे मुख्य कारण विदेशी अंशदान नियमन कायदा. त्याखाली नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नव्या संस्थेला विशिष्ट देणगीसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण तोही सोपा नाही. विदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घेता येते. आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, तसेच प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे परदेशातील पैसा एका मोठ्या संस्थेने घेऊन छोट्या संस्थांना वाटावा, ही वाट बंद झाली आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगीही या कायद्यानुसार विदेशीच असते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी तशी मानली जात नाही, पण देणाऱ्याच्या पारपत्राची प्रत दप्तरी ठेवावी.

तरीही संस्थाच हवी असेल तर महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदणीला किमान सात जण लागतात आणि पाठोपाठ सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. ज्या संस्थांनी हे वेळच्या वेळी केले नाही, त्यांच्या परिशिष्टावर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी यादीवर, मयत आणि परगावी गेलेल्या लोकांचीच नावे राहतात, बँक सह्यांचे अधिकार बदलून देत नाही आणि नव्या कार्यकारिणीच्या हाती काहीच येत नाही. प्रोग्रामर मंडळींना स्रोतातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याची सवय असते. विश्वस्तांतील बदलाची नोंद ठेवताना तीच मंडळी हमखास आळस करतात. दुसरा पर्याय कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा. तिचे कागद ऑनलाइन भरता येतात, पण सनदी लेखापालाची फी चुकत नाही. ‘फॉस युनायटेड’ ही भारतीय संस्था अशाच स्वरूपाची असून मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना अनुदानही देते. आपल्यासारख्या गटाने आधी तिथे विचारणा करावी, असे मी सुचवेन.

तोवर एक काम आजच करावे. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावावर आहे, त्याचे नूतनीकरण कोणाच्या कार्डावरून होते, सर्व्हरचे पासवर्ड कोणाकडे आहेत, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

प्रश्न : अशा परदेशी संस्थेला देणगी दिली तर ८०-जीची सवलत मिळते का?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नाही. ज्या भारतीय संस्थेकडे त्यासाठीची मान्यता आहे, तिलाच दिलेल्या देणगीवर ती मिळते. तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि अशा संस्थांच्या बाबतीत साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेवर. दोन हजार रुपयांहून जास्त रोख दिल्यास काहीच मिळत नाही. पावतीबरोबर देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

प्रश्न : ज्याचा फायदा बड्या कंपन्याही फुकटात घेतात, ते काम ‘धर्मादाय’ कसे ठरते?
— करसल्लागार, कोल्हापूर

उत्तर : हाच प्रश्न अमेरिकेच्या करखात्याने विचारला होता आणि त्याचे उत्तर एका संस्थेला चांगलेच महाग पडले. योर्बा ही सॅन फ्रान्सिस्कोतील छोटी संस्था. शॉटवेल हे छायाचित्रे लावून ठेवण्याचे सॉफ्टवेअर तिचेच. कलम ५०१(सी)(३) खाली धर्मादाय दर्जा मिळावा म्हणून तिने २००९च्या अखेरीस अर्ज केला. साडेचार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, मे २०१४मध्ये, तो फेटाळला गेला. खात्याचा युक्तिवाद थोडक्यात असा, की हे सॉफ्टवेअर कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरू शकतो, त्यामुळे त्याचा लाभ धर्मादाय कायद्याला अपेक्षित असलेल्या वर्गापुरता राहत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्याच अशी आहे की कोणत्याही कामासाठी वापरण्याचे स्वातंत्र्य हे तिचे पहिले कलम. म्हणजे जे या चळवळीचे सर्वांत मोठे सद्गुण, तेच अर्जात दोष ठरले. गंमत अशी, की फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट यांना हाच दर्जा त्यापूर्वी कित्येक वर्षे मिळालेला होता. खात्याचा हा पवित्रा मला चुकीचा वाटतो : सार्वजनिक रस्त्यावरून व्यापाऱ्याचा माल जातो म्हणून रस्ता खासगी होत नाही.

लिनक्स फाउंडेशनच्या नावामुळे अनेकांची गल्लत होते. ती कलम ५०१(सी)(६) खालील, म्हणजे व्यापारी मंडळांसाठीच्या वर्गातील संस्था आहे. कंपन्या तिच्या वर्गणीदार सभासद असतात आणि त्यांचे समान हित सांभाळणे हेच तिचे जाहीर काम आहे. त्यात गैर काही नाही, मात्र तिला धर्मादाय संस्थेच्या पंगतीला बसवू नये.

आपल्याकडे अशी उद्दिष्टे सहसा ‘सर्वसाधारण लोकोपयोग’ या वर्गात मोडतात. तिथे व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या पुढे गेली की त्या वर्षीची करसवलत धोक्यात येते. प्रशिक्षणवर्ग किंवा सशुल्क सेवा चालवणाऱ्या गटाचे हिशेब आपल्याकडे आले, तर ही मर्यादा आधी पाहावी.

प्रश्न : मुक्त परवान्याचा भंग झाला तर न्यायालयात कोण जाते?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : सर्वसाधारण नियम असा, की ज्याचा प्रताधिकार तोच दावा लावू शकतो. १९८५मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने म्हणूनच सुरुवातीपासून ग्नू या आपल्या मुक्त कार्यप्रणाली प्रकल्पाच्या महत्त्वाच्या सॉफ्टवेअरसाठी लेखकांकडून प्रताधिकार लेखी करून घेतला. हजार लेखकांची हजार वकीलपत्रे गोळा करण्यापेक्षा एक हक्कदार बरा, हा त्यामागचा हिशेब. डिसेंबर २००८मध्ये फाउंडेशनने सिस्को या बलाढ्य कंपनीवर न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लावला, तो याच बळावर. सिस्कोच्या लिंकसिस या शाखेच्या राउटरांत फाउंडेशनचे सॉफ्टवेअर होते, पण परवान्याप्रमाणे ग्राहकाला त्याचा स्रोत मिळत नव्हता. मे २००९मध्ये तडजोड झाली : लिंकसिसने परवान्याच्या पालनावर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी नेमायचा, आधीच्या ग्राहकांना त्यांचे हक्क कळवायचे, आणि सिस्कोने फाउंडेशनला देणगी द्यायची.

अशी प्रकरणे विरळ आहेत. बहुतेक तक्रारी पत्रव्यवहारात मिटतात, आणि २०१५मध्ये या फाउंडेशनने व सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या न्यूयॉर्कच्या संस्थेने मिळून जी तत्त्वे जाहीर केली, त्यांतही न्यायालय हा शेवटचा उपाय आणि पैसा हा हेतू नव्हे, असेच म्हटले आहे.

आपण अभ्यासासाठी दुसरा दावाही पाहावा. ऑक्टोबर २०२१मध्ये कॉन्झर्व्हन्सीने विझिओ या टीव्ही बनवणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला तो प्रताधिकाराचा हक्कदार म्हणून नाही, तर टीव्ही विकत घेतलेला ग्राहक म्हणून : परवाना हा करार आहे आणि स्रोत मिळणे हा त्या करारातून ग्राहकाला मिळालेला लाभ आहे, असे त्यात म्हटले आहे. करार कायद्यातील तिऱ्हाईत लाभार्थ्याचा सिद्धान्त इथे कसा वळवला आहे, हे बघण्यासारखे आहे.

प्रश्न : संस्थापकामुळेच संस्था वादात सापडली तर रचनेचा काय उपयोग?
— वाचक, पणजी

उत्तर : आपला रोख स्टॉलमन यांच्याकडे आहे, असे धरून लिहितो. सप्टेंबर २०१९मध्ये आपल्या काही वक्तव्यांवरून टीका झाल्यावर त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षपद आणि संचालकपद सोडले. मार्च २०२१मध्ये ते संचालक मंडळावर परत आल्याचे त्यांनीच जाहीर केले, आणि अनेकांना, त्यांत फाउंडेशनला दरवर्षी वर्गणी देणारेही आले, ते तेव्हाच कळले. याचे कारण रचनेत आहे : तेथे नवे संचालक जुने संचालकच निवडतात, वर्गणीदाराला मत नसते. मूळ तत्त्व बहुमताच्या लाटेत वाहून जाऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण तत्त्वाला कुलूप लावताना प्रश्नांनाही कुलूप लागले. टीकेनंतर मंडळाने एक जागा कर्मचाऱ्यांतून निवडण्याचे ठरवले.

त्याच प्रकरणावर डेबियनने भूमिका घ्यावी का, यासाठी त्यांच्या सदस्यांनी एप्रिल २०२१मध्ये पसंतीक्रमाने मतदान केले. तीव्र निषेधापासून पाठिंब्यापर्यंत अनेक पर्याय होते. डेबियनने यावर कोणतेही जाहीर निवेदन करू नये, हा पर्याय निवडून आला. कित्येकांना तो पुळचट वाटला. मला तो आवडला नाही, पण तो कोणी आणि कसा घेतला याबद्दल कोणालाही शंका घेता आली नाही.

प्रश्न : इतके प्रसिद्ध सॉफ्टवेअर, तर देणग्याही भरपूर येत असतील?
— वाचक, सोलापूर

उत्तर : तसे नाही. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरील माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. बँकांपासून दुकानांपर्यंत जगभरातले व्यवहार या सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालत होते, आणि त्याच्या संस्थेला वर्षाला येणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला. त्याआधी त्यांना या संस्थेची फारशी आठवण नव्हती.

त्याच महिन्यात दुसऱ्या टोकाची गोष्टही घडली. लिनक्सवरील ‘ग्नोम’ हा डेस्कटॉप सांभाळणारे ग्नोम फाउंडेशन महिला प्रशिक्षणार्थींचा एक उपक्रम अनेक संस्थांच्या वतीने चालवीत असे. मानधन ठरल्या तारखेला जायचे, प्रायोजकांचे पैसे मागाहून यायचे. उपक्रम वाढला तशी ही तफावत वाढली आणि फाउंडेशनची गंगाजळी आटली. अनावश्यक खर्च थांबवावे लागले. ज्यांच्याकडे येणी भरपूर आहेत पण हातात रोकड नाही, अशा आपल्याकडच्या अनुदानित शाळांना हे लगेच कळेल. तो उपक्रम पुढे सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीकडे गेला आणि आजही चालू आहे.

प्रश्न : मला देणगी देणे शक्य नाही, मराठी अनुवाद मात्र करू शकते. अशा संस्थेची सभासद होता येईल का?
— विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अवश्य. डॉक्युमेंट फाउंडेशनच्या दृष्टीने अनुवाद, चाचणी आणि मदतपुस्तिका लिहिणे ही कामे स्रोत लिहिण्याच्या बरोबरीची आहेत. डेबियननेही २०१०मध्ये मतदान करून स्रोत न लिहिणाऱ्यांना पूर्ण सदस्यत्वाची दारे उघडली.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. यातील कोणतीही संस्था स्वतः अनुवाद करीत नाही. ती फक्त त्याची जागा, म्हणजे सर्व्हर आणि साधने, पुरवते. मराठीसाठी आजवर झालेले काम वेगवेगळ्या हातांनी झाले : रेड हॅट या लिनक्सच्या व्यवसायातील कंपनीने २००४मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ टंकांवर आणि लिनक्सच्या मराठीकरणावर तिच्या पुण्यातील कार्यालयात पगारी माणसांनी वर्षानुवर्षे काम केले, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केंद्र सरकारच्या निधीतून लिब्रेऑफिसचे मराठी ध्वनिचित्रपाठ केले, आणि उरलेले स्वयंसेवकांनी. पगारी काम कंपनीची गरज असेपर्यंत चालते आणि सरकारी काम निधी असेपर्यंत, म्हणून आपल्यासारख्यांची वाट पाहिली जाते.

लिब्रेऑफिसचा अनुवाद ‘वेबलेट’ या साधनावर होतो. आधी मराठी गटाला आपली ओळख करून द्यावी आणि रूढ झालेल्या संज्ञा पाहून घ्याव्यात; आपल्या मनाने नवे शब्द घडवण्याचा मोह सुरुवातीला आवरावा. किमान तीन महिने काम झाले आणि पुढील सहा महिने करण्याची तयारी असली की सभासदत्वाचा अर्ज करता येतो. अर्ज निवडून आलेल्या सभासदत्व समितीपुढे जातो. त्यात शिक्षण किंवा अनुभव लिहिण्यात जागा न दवडता केलेल्या अनुवादाचे दुवे द्यावेत. समिती तेवढेच पाहते. मंजुरी मिळाल्यावर संचालकांच्या पुढच्या निवडणुकीत आपल्याला मत असेल, आणि ते कोणत्याही कंपनीच्या प्रोग्रामरच्या मताइतकेच मोजले जाईल.